बॅटरी कुणी उठवली?

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर महिना-दीड महिना उभा होता. परवा चावी फिरवली तर नुसतं 'टक्' वाजलं, सेल्फ घेईना. बॅटरी तीन वर्षांची आहे. गॅरेजवाला म्हणतो, बसली, आता नवीनच टाका. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात जुनं ॲसिड ओतून देतात, कोमट डिस्टिल्ड पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून भरतात, रात्रभर चार्जिंगला लावतात आणि सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू! कपाशीच्या लाल्यावर फवारायला आणलेलं मॅग्नेशियम सल्फेट घरात पडलेलंच आहे. करून बघू का? आणि हे खरं असेल तर गॅरेजवाले का करत नाहीत?
– एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : पावडर कपाशीलाच फवारा. बॅटरी कदाचित उठेलही, पण ती उठेल चार्जरमुळे आणि तुम्ही धीर धरलात तर. व्हिडिओतला माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याची गाडी खरंच सुरू झाली असेल. श्रेय मात्र चुकीच्या खात्यात जमा झालंय.

आत काय चालतं ते आधी बघू. बॅटरीच्या डब्यात सहा कप्पे असतात, म्हणजेच सहा सेल. एकेका सेलचे दोन व्होल्टच्या थोडे वर, सहाचे मिळून पूर्ण चार्ज असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट. प्रत्येक सेलमध्ये दोन तऱ्हेच्या प्लेटा आळीपाळीने उभ्या असतात. एक सच्छिद्र शिशाची, करड्या रंगाची. दुसरी लेड डायऑक्साइडची, चॉकलेटी. दोघींमध्ये पातळ सेपरेटर आणि हे सगळं पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेलं. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही जोडी जमवली, आणि पुढे १८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशावर त्याच्या ऑक्साइडचा लगदा थापायची युक्ती काढली. तुमच्या ट्रॅक्टरवर आजही मुळात तीच वस्तू बसलेली आहे.

बॅटरी वीज देते तेव्हा ॲसिडमधला सल्फेटचा भाग दोन्ही प्लेटांत शिरतो आणि तिथे लेड सल्फेट तयार होतं. द्रावणात पाण्याचं प्रमाण वाढत जातं. चार्जिंग केलं की उलट होतं : प्लेटा सल्फेट सोडतात आणि ॲसिड पुन्हा कडक होतं. हायड्रोमीटर घालून 'ग्रॅव्हिटी' बघतात ती यासाठीच. भरलेल्या बॅटरीत बाराशे चाळीस ते बाराशे ऐंशी (म्हणजे १.२४० ते १.२८०, तुमच्या बॅटरीचा नेमका आकडा लेबलवर असतो), अर्धी उतरली की बाराशेच्या आसपास आणि पार उतरली की अकराशे वीसच्या घरात.

इथेच बहुतेक घरगुती उपाय घसरतात. बसलेल्या बॅटरीतलं ॲसिड कमजोर झालंय हे खरंच आहे. पण ते उडून गेलेलं नाही, प्लेटांत जाऊन बसलंय. 'ॲसिड मेलं' म्हणून कुणी त्यात नवं कडक ॲसिड भरलं तर हायड्रोमीटर लगेच खूश होतो, प्लेटा मात्र होत्या तशाच. नंतर चार्जिंग लागलं की प्लेटांतलं सल्फेटही बाहेर येतं आणि ग्रॅव्हिटी तेराशेच्या वर निघून जाते. इतकं कडक ॲसिड सेपरेटर आणि शिशाची जाळी दोन्ही खातं. ॲसिड घालायची वेळ एकच : बॅटरी आडवी पडून ते सांडलं असेल तर. एरवी बॅटरीतून उणं होतं ते फक्त पाणी.

आता 'बसली' म्हणजे नेमकं काय झालं? गॅरेजात हा एकच शब्द चार-पाच वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतात आणि त्यातली सगळी बरी होणारी नसतात.

सगळ्यात साधं म्हणजे बॅटरी नुसती उतरलेली असणं. दिवा चालू राहिला, किंवा ट्रॅक्टर फार दिवस उभा होता. दोन-चार दिवसांत चार्ज केली तर काहीच बिघडत नाही. तीच बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली तर प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे बारीक कण हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे, कडक स्फटिक होतात, पाकात राहून राहून खडीसाखर जमावी तसे. बारीक कणांना विजेने सहज पुन्हा मोडता येतं. मोठ्या स्फटिकांचा पृष्ठभाग कमी आणि लेड सल्फेट विरघळतंही अतिशय कमी, त्यामुळे ते दाद देत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. हे काही अंशी मागे फिरवता येतं. घरी बॅटरी उठवणं म्हणजे खरं तर एवढंच.

तिसरं दुखणं म्हाताऱ्या बॅटरीचं. लेड सल्फेट शिशापेक्षा अडीच पटीहून जास्त जागा घेतं. प्रत्येक उतार-चढावात प्लेट फुगते आणि आकसते, आणि पॉझिटिव्ह प्लेटचा चॉकलेटी लगदा कणाकणाने सुटून तळाशी गाळ होऊन साचतो. सोबत पॉझिटिव्हची शिशाची जाळी गंजत जाते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तर हे फार झपाट्याने होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा या धंद्यातला ठोकताळा आहे. गळून पडलेला लगदा परत प्लेटला चिकटवणारी पावडर जगात नाही. गंजलेली जाळीही कुठल्याच चार्जरने परत उभी राहत नाही. चौथं म्हणजे गाळ वर चढून किंवा सेपरेटर फाटून दोन प्लेटा एकमेकींना टेकतात आणि तो सेल शॉर्ट होतो. आणि पाणी घालायचं विसरल्यामुळे प्लेटांचा वरचा भाग उघडा पडून कायमचा सुकणं, हे ट्रॅक्टरांत सर्रास दिसतं. सीट किंवा टूलबॉक्सच्या आड असलेली बॅटरी एरवी कुणाच्या नजरेला पडत नाही.

तेव्हा पावडरीचा विचार करण्याआधी यातलं कोणतं दुखणं आहे ते ओळखा. बॅटरीच्या अंगावर तारीख असते, ती बघा. हमीची मुदत शिल्लक असेल तर एकही बूच न उघडता विक्रेत्याकडे न्या. मुदत संपली असेल तर मल्टिमीटर लावा. तास-दोन तास काही चालू नसताना १२.४ व्होल्टच्या वर असेल तर दोष कदाचित बॅटरीत नाहीच. टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, क्लॅम्प घट्ट करा आणि सेल्फ मारून बघा. 'टक्' आवाज येण्याची निम्मी कारणं तिथेच असतात असं कुठल्याही जुन्या इलेक्ट्रिशियनला विचारा. बारापेक्षा कमी असेल तर बॅटरी खोल उतरलेली आहे. आणि चार्जिंग करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकून बसत असेल तर एक सेल पूर्ण गेलाय : पाच सेलचे २.१ गुणिले पाच, साडेदहा. मग आशा सोडा.

सगळ्यात बोलका पुरावा हायड्रोमीटर देतो. चार्जिंग केल्यावर सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. पाच सेल बाराशे तीस-चाळीसला आणि एक अकराशे साठला, तर तो एक सेल बाकीच्या पाचांना घेऊन बुडणार. सगळेच सारखे कमी असतील तर ते सल्फेशनचं लक्षण, आणि तिथे मेहनत वाया जात नाही. बुचातून डोकावल्यावर पाणी चॉकलेटी गढूळ दिसलं तर लगदा गळतोय. अशा बॅटरीवर वेळ घालवू नका.

समजा तुमची सल्फेशनची निघाली. तर करायचं ते असं.

बॅटरी ट्रॅक्टरवरून उतरवा, आधी निगेटिव्ह तार आणि मग पॉझिटिव्ह. ओसरीत किंवा पडवीत, वारा खेळत असेल तिथे ठेवा. बंद खोलीत नाही आणि गोठ्यातही नाही. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून चार्जरचे चिमटे आधी लावायचे, स्विच नंतर चालू करायचा. काढताना आधी स्विच बंद. जवळ विडी नको. डोळ्यांवर चष्मा हवाच, साधा फवारणीचा गॉगल चालेल. ॲसिड डोळ्यांत उडालं तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवून थेट दवाखाना. डोळ्यांत सोडा घालायचा नसतो. तो जमिनीवर आणि कपड्यांवर सांडलेल्या ॲसिडसाठी.

प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्जिंगमध्ये पातळी वाढते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. उरलेलं पाणी चार्जिंगनंतर. ॲसिड ओतून द्यायचं नाही.

मग सबुरी. तुमची बॅटरी ८० अँपिअर-अवरची धरू. नेहमीच्या चार्जिंगला चार-पाच अँपिअर ठीक. सल्फेट जमलेलीला एक ते दोन अँपिअर पुरे, आणि दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त. सुरुवातीला एक गंमत दिसेल : व्होल्ट झपाट्याने वर चढतील आणि अँपिअरचा काटा जवळपास हलणारच नाही. घाईचा माणूस इथे म्हणतो 'बॅटरी चार्ज झाली' आणि काढून ठेवतो. खरं तर कडक सल्फेटमुळे ती करंट घ्यायलाच तयार नसते. काही तासांनी काटा थोडा थोडा वर सरकू लागला आणि व्होल्ट खाली आले, तर समजा स्फटिक मोडायला लागलेत. हाच या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात आनंदाचा क्षण, आणि व्हिडिओत तो कुणी दाखवत नाही, कारण बघण्यासारखं त्यात काही नसतं.

नव्या तऱ्हेचे 'स्मार्ट' चार्जर इथे नेमके अडतात. बॅटरी फारच खाली असेल तर ते 'खराब' म्हणून हात वर करतात. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा चार्जर असा नखरा करत नाही, म्हणून तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडे संथ चार्जिंगला ठेवायला द्या हा माझा पहिला सल्ला. त्याला स्पष्ट सांगा, "भाऊ, घाई नाही, कमी अँपिअरवर दोन-तीन दिवस राहू द्या." तो रोज पंचवीस बॅटऱ्या लावतो-काढतो, न सांगता तो ती एका रात्रीत जोरात उकळवून देईल, आणि जोरात उकळलेल्या बॅटरीचा लगदा आणखी गळतो.

शेवटी शेवटी सेलमधून बुडबुडे यायलाच हवेत. १४.४ व्होल्टच्या आसपास ते सुरू होतात. त्यांच्यामुळे तळाशी बसलेलं जड ॲसिड वरच्या पाण्यात ढवळलं जातं. उभ्या राहिलेल्या बॅटरीत हे थर पडलेले असतात आणि प्लेटांचा खालचा भाग त्यामुळेच जास्त सल्फेट धरतो. पण डबा हाताला गरम लागायला लागला तर थांबा, निवू द्या, मग पुन्हा लावा. सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बंद; एखादा सेल मेलाय आणि जास्त तापलाय. तास-तासाने घेतलेली ग्रॅव्हिटी तीन वेळा तीच आली की तुमची बॅटरी जेवढी उठायची तेवढी उठली. रात्रभर सोडा. सकाळी १२.५ च्या वर टिकली तर ट्रॅक्टरवर चढवा आणि सेल्फ मारताना मीटर बघा. आकडा ९.६ च्या खाली गेला नाही तर पास.

आता तुमच्या पावडरीकडे येऊ. तिची गोष्ट फार जुनी आहे आणि एकदा तर तिने अमेरिकेच्या सरकारला घाम फोडला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या जेस रिची नावाच्या गृहस्थांनी 'एडी-एक्स२' नावाची पावडर बाजारात आणली. बॅटरीत टाका, आयुष्य वाढेल. आत होतं काय? मुख्यत्वे सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. म्हणजे तुमच्या लाल्याच्या औषधाचाच भाऊबंद. अमेरिकेची नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स ही सरकारी मोजमाप संस्था अशा पावडरी कितीतरी वर्षं तपासत आली होती आणि 'उपयोग नाही' हेच सांगत होती. रिचींचं म्हणणं, आपली पावडर त्यांतली नाही. पुन्हा चाचण्या झाल्या. पद्धत साधी होती : सारख्या बॅटऱ्या घ्यायच्या, काहींत पावडर टाकायची, काहींत नाही, आणि सगळ्यांना सारखंच चार्जिंग द्यायचं. फरक सापडला नाही.

पण रिचींकडे खूश गिऱ्हाइकांची पत्रं होती, आणि ती खासदारांपर्यंत पोचत होती. १९५३ मध्ये आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स व्यापारी वर्गातून आलेले. ब्युरोने बाजाराच्या कौलाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, असा त्यांचा आक्षेप. मार्च महिन्यात त्यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचा राजीनामा मागितला. एका बॅटरीच्या पावडरीवरून! देशभरचे शास्त्रज्ञ खवळले, ब्युरोतले कित्येक जण नोकरी सोडायच्या तयारीत आले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. अखेर ॲस्टिन जागेवर राहिले, आणि नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने सगळं तपासून त्याच वर्षाअखेरीस ब्युरोचं काम बरोबर आणि पावडर निरुपयोगी असा निर्वाळा दिला. ॲस्टिन पुढे १९६९ पर्यंत संचालक होते.

मला या प्रकरणात गिऱ्हाइकांची पत्रं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. ती खोटी असण्याचं कारण नाही. माणसाची बॅटरी बसली, त्याने पावडर आणली, टाकली, चार्जिंगला लावली आणि गाडी सुरू झाली. मग तो पावडरीचं नाव घेणार नाही तर कुणाचं? चार्जिंग तर तो नेहमीच करतो. फक्त या वेळी ते मन लावून, पुरेसा वेळ केलं होतं. पावडर न टाकता तेवढंच चार्जिंग केलेली दुसरी बॅटरी शेजारी ठेवायचं त्याला कशाला सुचेल? व्हिडिओ करणाऱ्यालाही सुचत नाही. तुमच्या भाच्याला मात्र हे सुचवायला हरकत नाही.

पावडरीच्या पाण्याने बॅटरी थोडा काळ चालते त्याची आणखीही कारणं आहेत. ॲसिड ओतताना तळाचा गाळ त्याच्याबरोबर वाहून जातो, आणि गाळामुळे शॉर्ट झालेला सेल तात्पुरता मोकळा होतो. (पण उलटंपालटं केल्याने कधी कधी गाळ प्लेटांच्या मधे अडकून नवा शॉर्टही होतो.) पार उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरलेलं असतं, ते करंट नीट नेत नाही, मिठाच्या पाण्यातून करंट सुरुवातीला बरा जातो. आणि मग चार्जिंगमध्ये प्लेटांतलं सल्फेट बाहेर येऊन तुमच्या त्या मॅग्नेशियमच्या पाण्याचंच पातळ ॲसिड बनवतं. म्हणजे आत पुन्हा ॲसिडच काम करत असतं, फक्त आधीपेक्षा कमी, कारण थोडं तुम्ही फेकून दिलंत. शिवाय ज्या द्रावणात आधीच भरपूर सल्फेट आहे त्यात लेड सल्फेट अधिक नव्हे तर कमी विरघळतं. कडक स्फटिक मोडायला पावडर टाकायची आणि तिनेच ते विरघळायला अडवायचं, असा हा उलटा न्याय. वर शेतीचं मॅग्नेशियम सल्फेट पिकासाठी बनवलेलं, बॅटरीच्या दर्जाचं नव्हे. त्यात लोखंडाचे किंवा क्लोराइडचे अंश आले तर बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत राहते.

गॅरेजवाले का करत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. काही जण करतात, आणि चार आठवड्यांनी तेच गिऱ्हाईक परत दारात उभं राहिलं की बंद करतात.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला हात जोडून नको म्हणतो ती म्हणजे ते ॲसिड ओतून देणं. त्या पाण्यात शिशाचे कण असतात. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसंच असतं. बांधावर किंवा उकिरड्यावर ओतलेलं ॲसिड कधीतरी पावसात धुऊन जाईल, शिसं मात्र मातीतच राहील. गुरांना शिशाची विषबाधा होण्याच्या नेहमीच्या कारणांत फेकलेल्या बॅटऱ्या येतात. गाई-म्हशी त्या चाटतात, प्लेटांचे तुकडे चघळतात. लहान मुलांचं त्याहून वाईट. त्यांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही. सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा उद्योग चालायचा. २००७-०८ मध्ये तिथे काही महिन्यांत अठरा मुलं दगावली. तेव्हा फुटलेली बॅटरी अंगणात नको, आणि वजनावर घेऊन कुठेतरी परसात वितळवणाऱ्यालाही नको. बॅटरी विक्रेता जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं रीतसर पुनर्चक्रीकरण करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण ती वेगळी ठेवून द्यायची, एवढंच.

तुमची बॅटरी तीन वर्षांची आहे आणि महिना-दीड महिना उभी होती. मला वाटतं संथ चार्जिंगने ती एखादा हंगाम तरी काढेल. सेल्फ ओढण्याइतकी उठली नाही, पण सगळे सेल सारखे असतील, तर रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनवर ती अजून बरेच दिवस चालेल. तिथे करंट फार थोडा लागतो.

प्रश्न : बॅटरीत एसीच्या नळीतून टपकणारं पाणी घालतात. ते वाफेचंच पाणी, म्हणजे डिस्टिल्डच ना? आणि घरच्या आरओचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एसीचं पाणी जन्माने शुद्ध असतं, पण बादलीत पडेपर्यंत ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून, धुळीतून आणि शेवाळलेल्या नळीतून येतं. त्यातले धातूचे अंश बॅटरीला नको असतात. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, नसतात असं नाही. वर्षाकाठी लागणारं बॅटरीचं पाणी चहाच्या दोन फेऱ्यांच्या खर्चात येतं. इथे काटकसर करू नका. ॲस्पिरिनच्या गोळीबद्दलही काही जण विचारतात. ती टाकल्यावर ॲसिडमध्ये तिचं ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते पॉझिटिव्ह प्लेट खातं. गाडी आडरानात अडकली असेल तरी नको.

प्रश्न : स्कूटरची 'मेंटेनन्स फ्री' बॅटरी बसली. वरची पट्टी उचकटून सिरिंजने पाणी घातलं तर चालते, असं मित्र म्हणतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ट्रॅक्टर आणि स्कूटरच्या बॅटऱ्यांत फरक आहे. स्कूटरच्या बहुतेक सीलबंद बॅटऱ्यांत मोकळं ॲसिड नसतंच, ते काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. पट्टीखालच्या रबरी टोप्या म्हणजे झडपा. आतला ऑक्सिजन पुन्हा पाण्यात बदलायला त्या नीट मिटाव्या लागतात. गादी खरंच सुकली असेल तर थोडंसं डिस्टिल्ड पाणी काही दिवस जीव धरतं, पण जास्त झालं तर वायू फिरायची वाट बुजते आणि झडपेतून ॲसिड बाहेर येऊन चेसिस खातं. तेव्हा आधी चार-पाचशे मिलीअँपिअरवर रात्रभर चार्ज करा. त्याने उठली नाही तर बदला. ट्रॅक्टरसाठी वर सांगितलेलं उकळवणं हिला अजिबात नको.

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला चार महिने जाऊन येतो. दर वेळी परत आल्यावर पुण्यात कार बंद! शेजारी आठवड्याला दहा मिनिटं सुरू करून ठेवतात, तरी.
– एक वाचिका, कोथरूड

उत्तर : बंद कारही वीज खात असते : अलार्म, घड्याळ, रिमोटची वाट बघणारं लॉक. सगळं मिळून ५० मिलीअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. तुमच्या गाडीची बॅटरी ३५ ची असेल तर दोन आठवड्यांत निम्मी संपली, महिन्यात पार. शेजाऱ्यांची दहा मिनिटं भल्या मनाची आहेत, पण उभ्या गाडीत मंद फिरणारं इंजिन तेवढ्या वेळात सेल्फला लागलेली वीज जेमतेम भरून काढतं. त्यांना पंधरा दिवसांतून एकदा खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगता आलं तर उत्तम. नाही तर निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करवून घ्या आणि काळी, म्हणजे निगेटिव्ह तार काढून ठेवा. काळी आधी का? लाल सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. काळी आधी सुटलेली असेल तर काहीच होत नाही. तार काढल्यावर बऱ्यापैकी नवी बॅटरी चार महिने सहज तग धरते. बॉनेट आतल्या खटक्याने उघडतं, पण दारं रिमोटने उघडणार नाहीत, तेव्हा किल्ली लागते ते कुलूप चालू आहे ना ते जाण्याआधी एकदा बघा. काही गाड्यांचा रेडिओ परत जोडल्यावर कोड मागतो. तो गाडीच्या पुस्तिकेत असतो.